घोडा आणि कुत्रा एकाच अंगणात : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या शेतावर दोन कुत्रे, एक गाय आणि या वर्षी घेतलेली घोडी आहे. पावसाळ्यापासून कुत्र्यांना फार गोचीड झाले असून आता घोडीच्या कानांत आणि आयाळीखालीही ते दिसू लागले आहेत. गायीसाठी आणलेले, पाण्यात मिसळून फवारायचे अॅमिट्राझ घरात शिल्लक आहे. तेच सर्वांना लावले तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : घोडीला ते औषध मुळीच लावू नका. अॅमिट्राझ गायीगुरांना आणि कुत्र्यांना योग्य प्रमाणात चालते. घोड्याच्या बाबतीत मात्र ते आतड्यांची हालचाल मंदावते, लीद आतच सुकून अडकते आणि त्यातून उठणारा पोटशूळ जिवावर बेतू शकतो. आपण लावण्याआधी विचारले हे फार बरे केले, कारण गोठ्यातली बाटली उचलून तबेल्यात वापरण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. चुकून फवारले गेलेच, तर घोडीला लगेच साबणाने आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा, पशुवैद्यकांना औषधाचे नाव सांगा आणि पुढचे काही दिवस ती लीद टाकते की नाही यावर लक्ष ठेवा.

घोडीच्या अंगावरचे गोचीड बहुधा गायीकडून किंवा चरण्याच्या जागेवरून आलेले असावेत. खरारा करताना कानांच्या आत, आयाळीच्या मुळाशी, मांड्यांच्या मध्ये आणि शेपटीखाली बोटे फिरवून पाहा. सापडलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. तो जाळू नका, बोटांनी चिरडू नका. फवारणीचे औषध हवेच असेल, तर ज्याच्या वेष्टनावर घोड्यासाठी असल्याचे लिहिले आहे तेच पशुवैद्यकांना विचारून घ्या. घरात मांजर असल्यास आणखी जपावे लागेल, कारण यांतील अनेक औषधांत असणारे परमेथ्रिन मांजराला अतिशय विषारी ठरते.

कुत्र्यांवरच्या गोचिडांचे मूळ मात्र कुत्र्यांच्या अंगावर कमी आणि भिंतीच्या भेगांत जास्त असते. कुत्र्यावर आढळणारा तपकिरी गोचीड आयुष्याचा बराचसा काळ अंगाबाहेर काढतो आणि त्याची मादी फटीत जाऊन हजारो अंडी घालते. म्हणून केवळ कुत्र्याला औषध लावून गोचीड हटत नाहीत; कुत्री झोपतात तेथील भेगा बुजवणे, गोणपाट उन्हात घालणे आणि पशुवैद्यकांनी सांगितलेल्या अंतराने औषध पुन्हा देणे, ही तिन्ही कामे बरोबर चालावी लागतात. कुत्रा मलूल झाला, अन्न सोडून बसला किंवा त्याच्या हिरड्या फिकट पडल्या, तर गोचिडातून येणाऱ्या तापाची शंका घ्या आणि त्याच दिवशी रक्ताची तपासणी करून घ्या.

प्रश्न : आमचे घोडे माथेरानला पर्यटकांसाठी चालतात. हंगामात रात्री उशिरा एखाद्या घोड्याचे पोट दुखू लागते. अशा वेळी त्याला तेल पाजून तासन्‌तास फिरवण्याची पद्धत आहे. ती बरोबर आहे का?
— एक वाचक, माथेरान

उत्तर : तेल पाजू नका. नळकांड्याने जबरदस्तीने पाजलेले तेल फुप्फुसात गेले, तर पोटशूळ बरा होऊनही घोडा न्यूमोनियाने दगावू शकतो. तेल द्यायचेच असेल तर ते पशुवैद्यक नाकातून जठरापर्यंत नळी घालून देतात. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात साचलेले वर येऊन त्याला आराम पडण्याचा मार्गच नसतो. आधी समोरचे खाणे काढून घ्या. तो लोळत असेल तर सावकाश थोडे चालवा, शांत उभा असेल तर उभा राहू द्या. दिवसभर चढउतार केलेल्या जनावराला रात्रभर फिरवून थकवण्यात काहीच हशील नाही.

पशुवैद्यकांना फोन करण्यापूर्वी जबड्याच्या हाडाखालून जाणारी धमनी बोटांनी चाचपून नाडी मोजा. विश्रांतीत असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 असते. ती 60 च्या वर गेली असेल तर सकाळची वाट पाहू नका. शेवटची लीद केव्हा टाकली आणि हिरड्यांचा रंग कसा आहे, हेही सांगा.

हंगामातील दुखण्याचे कारण बहुतेक वेळा दिवसभराची उपासमार आणि रात्री एकदम घातलेला चंदीचा, म्हणजे धान्याच्या खुराकाचा, मोठा घमेला हेच असते. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, त्यामुळे त्याला थोडे थोडे आणि वारंवार खाणे मानवते. दोन फेऱ्यांच्या मध्ये गवताची पेंढी आणि पाण्याची बादली समोर ठेवा, चंदी दोन-तीन वेळांत विभागून द्या. गिऱ्हाईक खोळंबले असताना हे जड जाते याची मला जाणीव आहे, तरीही ही विश्रांती टाळू नये.

प्रश्न : घोड्याला जंताची आयव्हरमेक्टिन पेस्ट दिली की आमचा कुत्रा तबेल्यातील लीद खातो. त्याने काही अपाय होतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : होऊ शकतो. हे औषध लिदेवाटे बाहेर पडते आणि मोठ्या जनावराच्या मात्रेचा थोडासा अंशही कुत्र्याला जास्त होऊ शकतो. कोली आणि तत्सम जातींच्या कुत्र्यांना तर विशेष धोका असतो. पेस्ट देताना जमिनीवर सांडलेला भाग लगेच पुसा, पुढील काही दिवस लीद उचलेपर्यंत कुत्र्याला बांधून ठेवा आणि रिकामी नळी त्याच्या तोंडी लागणार नाही अशा जागी टाका. कुत्रा लटपटू लागला, लाळ गाळू लागला किंवा त्याला दिसेनासे झाले, तर नळी बरोबर घेऊनच दवाखान्यात जा.