मॅडम, लोकांकडे मागायचं कसं?

मी समुपदेशक, दिवाळी जवळ आली की नाशिकच्या गंगापूर रोडला माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. पोरांच्या टीमने, क्लासने फंड जमवायला उटण्याची पाकिटं नाहीतर कुपनांची पुस्तकं घरी पाठवलेली असतात आणि झोप उडते ती आईबाबांची. बऱ्याच जणींचं मिळून एकीचं म्हणून सांगते, तपशील बदललेत.

इंदिरानगरची आई, मुलगी सातवीत, खो-खो खेळते. बाहेरगावी स्पर्धेला जायला प्रत्येकीला 40 पाकिटं, एक 60 रुपयांना. बाई आल्या आल्या म्हणाली, "लोक तोंडावर नाही म्हणतात हो, मला सहनच होत नाही."

"आत्तापर्यंत किती जण नाही म्हणाले?"

ती बोलेचना. मग हळूच, "कोणाला विचारलंच नाही. दरवर्षी सगळी मीच घेते, मागच्या वर्षीचं उटणं अजून कपाटात पडलंय."

खूप वेळ आम्ही तिथेच होतो. शेवटी तिच्या वडिलांचं वाक्य निघालं, उपाशी राहू पण कोणापुढे हात पसरायचा नाही. मी म्हटलं, "अहो पण तुमच्या हातात पाकीट आहे की!" तिने खरंच स्वतःच्या हाताकडे बघितलं. तो क्षण मला अजून आठवतो.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना मानणारी. नकार त्रास देत नाही, 'मला कोणी नाही म्हणताच कामा नये' हा आपला हट्ट त्रास देतो. ते स्वतः 19 वर्षांचे असताना, बायकांशी बोलायची भीती मोडायला न्यूयॉर्कच्या बागेत महिनाभरात शंभरेक अनोळखी बायकांशी बोलले होते. मी हिला एवढंच सांगितलं, पाकिटं विसरा, 5 नकार गोळा करून आणा, बोलेल मुलगी, तुम्ही फक्त मागे उभ्या राहा.

पुढच्या आठवड्यात आली ती वेगळीच. "तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आम्ही घरीच करतो म्हणून दार लावलं, मला धस्स झालं, आणि ही 'बरं काकू' म्हणून पुढची बेल वाजवायला पळाली." सांगता सांगता रडली. मुलीला वाचवतेय असं तिला इतकी वर्षं वाटत होतं, वाचवत होती स्वतःला.

तुमच्याकडे पाकिटं आली असतील तर सरांना आधीच विचारा, सक्ती आहे का, उरलेली परत घेणार का, आणि एका पाकिटामागे टीमला किती मिळतात. हिच्याकडे 20 मिळत होते, म्हणजे सगळी घेतली तर खिशातून 2400 जाणार आणि टीमला 800, त्यापेक्षा सरळ 800 वर्गणी द्या ना. ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका, हाताखालच्या लोकांना नाही म्हणता येत नाही. मुलांना अनोळखी दारी एकटं पाठवू नका, पण बोलू त्यांनाच द्या.

तिची 11 गेली, बाकीची सरांना परत द्यायची ठरलंय, पण लगेच नाही. नकार 3 च मिळालेत, म्हणाली, अजून 2 राहिलेत मॅडम, रविवारी शेजारच्या सोसायटीत जातोय.