मानपत्र टेबलावर बसून लिहू नकोस

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवा रात्रीचा मेसेज मिळाला. गौरव समारंभाची यादी हातात पडली, नावापुढे मोबाईल नंबर आणि ‘सामाजिक कार्य’ एवढंच, त्यात निम्मी नावं वरून आलेली, आणि मजकूर सोमवारी छापायला द्यायचाय. ‘काका, एखादा नमुना पाठवता का?’ असं विचारलंस. नाही पाठवणार. ढीग पडलाय माझ्याकडे, तरी नाही.

जाऊन बघ. मला दुसरं काही सांगायचंच नाहीये.

नावं वरून येणारच. कुठल्या प्रभागाची किती घ्यायची, पत्रिकेत कुणाचं नाव कुणाच्या आधी, कुणाला पहिल्या रांगेत बसवायचं, यात तू पडू नकोस, तुझं काही चालणार नाही. पण मानपत्रात काय लिहायचं ते तुझ्या हातात आहे. तेवढी जागा सोडू नकोस.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईंचं मानपत्र माझ्याकडे आलं होतं. निरोपात लिहिलं होतं, ‘निराधारांची माय’. गेलो. बाई उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन बसल्या होत्या. भिजवलेल्या तेंदूपानावर पत्र्याचं माप ठेवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. माझ्याशी बोलताना हात थांबला नाही. मी ‘माय’ म्हटल्यावर मात्र थांबला. म्हणाल्या, ‘कुणाची माय न्हाई ओ मी. शेजारच्या पोरी शाळा सुटल्यावर इथं बसतेत, मी तेलुगू बोलते, त्या मला मराठी वाचून दाखवतेत. पेपर कळतो मला आता.’ मी तेवढंच लिहिलं. सभागृहात वाचलं तेव्हा बाईंनी मान वर केली. विशेषणं वाचताना सत्कारमूर्ती खाली बघतो, हे तुझ्याही लक्षात येईल. फोनवर विचारलं असतं तर ‘हो साहेब, बरोबर आहे’ म्हणाल्या असत्या.

म्हणून म्हणतो, जाऊन बघ. वेळ नाही हे सांगू नकोस. सोलापूर एवढंसं, रिक्षानं अर्ध्या दिवसात चार घरं होतात.

12 जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी उभी राहून बघ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. 1931 साली याच तारखेला इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिली. नाव, तारीख, काय केलं. आणखी काय लागतं? लगेच ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा सुरू होते आणि गाव मिरवणुकीतल्या नंदीध्वजांमागे लागतं, तरी ही चार नावं कुणी विसरत नाही. आणि आपण मात्र ‘तळागाळातील बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ लिहितो. कुणाचं? तो माणूस सकाळी उठून काय करतो, ते लिही की!

(शालीचंही बघ. गावात चादरी विणल्या जातात आणि सत्काराला शाल बाहेरगावची. हे मला अजून सहन होत नाही. असो.)

मी ज्या नगरपालिकेत होतो तिथं मला अडेलतट्टू म्हणायचे. एका वजनदार माणसाचं काम बघायला गेलो, दिसलं ते लिहिलं. दोन ओळी झाल्या. साहेब म्हणाले, पानभर पाहिजे. म्हटलं, तुम्ही जाऊन बघा आणि पान भरा. माझी रवानगी जन्म-मृत्यू नोंदणीला. पुढं तिथं एकच मजकूर सगळ्यांना जायला लागला, नाव तेवढं बदलायचं. ज्यांनी खरंच राबून काही केलं होतं, त्यांनाही तोच. त्याची खंत वाटते. ‘जरा नमतं घेतलं असतं तर त्या माणसांना तरी स्वतःचं मानपत्र मिळालं असतं,’ असं तुझी काकू अजून ऐकवते. असेल. पण दोन ओळींच्या जागी पान भरलं असतं, तर त्या विडीवाल्या बाईंच्या ओळींना काय किंमत राहिली असती? नाहीच पटत मला.

तुला माझ्यासारखं भांडायची गरज नाही. वरून आलेल्या नावांकडंही जा. त्यांतलाही एखादा खरा निघतो, आणि आपण आधीच नाक मुरडून बसलेलो असतो. काही दिसलं नाही तर दोन ओळी लिही, खाली सही घे, गप्प बस.

शनिवारी सकाळी यादी घेऊन ये. विडी घरकुलातलं, त्या कामगारांच्या वसाहतीतलं, एक घर पत्त्यावरून सापडायचं नाही, मी येतो बरोबर. आणि दुपारचं ऊन व्हायच्या आत निघायचं, तुझ्यासारखं दहाला उठून चालणार नाही.

तुझा,
काका