सोसायटीची कागदपत्रं ड्राइव्हवर: मालकी कोणाची?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेची कन्व्हेयन्स डीड, ऑडिट अहवाल, सभांची इतिवृत्तं सचिवांनी स्वतःच्या जीमेल खात्याच्या गूगल ड्राइव्हवर ठेवली आहेत. समितीतल्या दोघांना फाइल उघडताना परवानगी मागण्याची सूचना दिसते. पुढच्या वर्षी सचिव बदलले तर कागदपत्रांचं काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे, म्हणून तो आधी. ड्राइव्हवरची फाइल शेअर केली म्हणजे समोरच्याला तिची प्रत मिळाली असं होत नाही. फाइल एकच असते, ती मालकाच्या खात्यात राहते आणि बाकीचे ती तिथे जाऊन पाहतात. सचिवांनी जागा मोकळी करताना ती कायमची पुसली किंवा त्यांचं खातं बंद पडलं, तर ती सगळ्यांचीच जाते.

म्हणून संस्थेच्या नावाने वेगळं खातं उघडा. रिकव्हरीसाठी (पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवण्यासाठी) मोबाइल नंबर एका पदाधिकाऱ्याचा आणि ईमेल दुसऱ्याचा द्या. समिती बदलली की दप्तराबरोबर या खात्याचाही ताबा द्यायचा: पासवर्ड, रिकव्हरी नंबर आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीचा) फोन, तिन्ही बदलून. जुना फोल्डर संगणकावर डाउनलोड करून नव्या खात्यात अपलोड करा. तो झिप (सगळ्या फाइली एकत्र बांधलेली एक फाइल) होऊन उतरतो, मोठा असेल तर अनेक झिपमध्ये. सगळ्या उघडून फाइलींची संख्या जुळवल्याशिवाय मूळ फोल्डरला हात लावू नका.

आता परवानगीचं. बहुतेक वेळा फाइल शेअर झालेली असते एका ईमेलवर आणि फोनमध्ये चालू असतं दुसरंच खातं. ड्राइव्ह ॲपमध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर टॅप करून खातं बदला आणि लिंक पुन्हा उघडा. यावर ‘लिंक असलेल्या कोणालाही’ फाइल दिसेल असं करून टाकण्याचा सोपा उपाय हमखास सुचवला जातो. तो कृपया करू नका. लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवरून कुठेही जाते आणि संस्थेच्या कागदांत सभासदांचे पॅन, आधार असतात. शेअरिंग मर्यादितच ठेवा, प्रत्येकाचा ईमेल घाला. सभासदांना फक्त पाहण्याचा हक्क पुरे, एडिटर (फाइलमध्ये बदल करू शकणारे) दोघेच असू द्या. एडिटरला फाइल पुढे शेअर करता येते. शेअरच्या खिडकीतल्या चक्राच्या चिन्हात जाऊन तेही बंद करा.

आणि एक प्रत एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवाच. चुकून पुसलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवसच राहते. ऑडिटच्या वेळी ती हवी होती हे बहुधा त्यानंतरच कळतं.

प्रश्न : जीमेलवर मेल यायचे थांबले आहेत. ड्राइव्हमध्ये तर फारसं काही नाही! – एक वाचक, सांगली

उत्तर : मोफत मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिघांत मिळून आहे. ती भरली की नवे मेल परत जातात. १ जून २०२१ नंतर बॅकअप घेतलेले फोटोही सहसा या जागेत मोजले जातात, त्यामुळे तुमची जागा बहुधा फोटो आणि व्हिडिओंनीच खाल्ली असेल. ड्राइव्हच्या स्टोरेज पानावर फक्त ड्राइव्हमधल्या फाइली आकारानुसार लागलेल्या दिसतात, म्हणून मोठे फोटो आणि व्हिडिओ गूगल फोटोजच्या स्टोरेज पानावर शोधा. मोठ्या व्हिडिओंपासून सुरुवात करा आणि मग ट्रॅश रिकामा करा, तोवर जागा सुटत नाही. मात्र सांभाळून: गूगल फोटोज ॲपमधून बॅकअप झालेला फोटो पुसला तर तो फोनमधूनही जातो. हवे असलेले व्हिडिओ आधी संगणकावर उतरवून घ्या.

प्रश्न : लग्नाचा ४ जीबीचा व्हिडिओ अपलोड व्हायला तासन्‌तास का लागतात? कनेक्शन तर १०० एमबीपीएसचं आहे. – एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमचा आकडा बहुधा डाउनलोडचा आहे, अपलोडचा वेग अनेकदा बराच कमी असतो. स्पीड टेस्ट करून तोच आकडा पाहा. शिवाय एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, तो बिटमध्ये असतो आणि फाइल बाइटमध्ये, एका बाइटचे आठ बिट. म्हणजे ४ जीबी ही सुमारे ३२,००० मेगाबिट झाली: १० एमबीपीएसने जवळपास ५३ मिनिटं, २ एमबीपीएसने साडेचार तास. फोनऐवजी संगणकावरून, शक्य असेल तर राउटरला केबल जोडून पाठवा आणि संगणक स्लीपमध्ये जाऊ देऊ नका. ज्यांना तो प्रवासात बघायचा आहे त्यांनी घरच्या वायफायवरच फाइल ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवावी.