भिडेपोटी दिलेलं काम

दिवाळी झाली की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो, घरावर चढवायच्या मजल्याचा. पाऊस थांबलेला असतो, जूनच्या आत काम उरकायचं असतं आणि ते कुणाला द्यायचं यावरून घरात दोन तट पडलेले असतात. "ठेकेदार भरवशाचा आहे हे ओळखायचं कसं? पैसे घेऊन पसार झाला तर?" प्रश्न इंजिनिअरला विचारण्यासारखा वाटतो खरा. पण त्यापायी झोप उडालेली माणसं आणि अबोला धरलेले नवरा-बायको माझ्यासमोर बसतात, म्हणून त्यावर लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नाशिकच्या जेल रोडवरचं कुटुंब. अण्णा प्रेसमधून, म्हणजे सरकारी छापखान्यातून, निवृत्त झालेले, मुलगा रवींद्र अंबडला एका कारखान्यात, सून सुजाता, नात दहावीत. तळमजल्याचं घर अण्णांनी नोकरीत असताना बांधलं होतं आणि पुढेमागे मजला चढवू म्हणून कॉलमचे गज तेव्हाच गच्चीवर काढून ठेवले होते. आता नातीला अभ्यासाला जागा हवी होती. वर दोन खोल्या आणि संडास-बाथरूम, असं सुमारे ६०० चौरस फुटांचं काम ठरलं.

ते आले होते अण्णांच्या चिडचिडीची तक्रार घेऊन. मध्यरात्रीपर्यंत गच्चीवर येरझाऱ्या, ऊठसूट सुनेवर आवाज चढवणं. मूळ स्वभाव असा अजिबात नाही, असं दोघांचंही म्हणणं. सुजाता म्हणाली, "हे म्हणतात, तीन-चार कोटेशनं घेऊ. अण्णा म्हणतात, माणूस ठरलाय. तो कसा ठरला, ते मात्र सांगत नाहीत." अण्णा खाली मान घालून बसले होते.

अण्णांशी एकट्याने बोलल्यावर गोष्ट बाहेर आली. मागच्या वर्षी कंपाउंडची भिंत आणि गेट करण्यासाठी त्यांनी एका ठेकेदाराला दीड लाखाची उचल दिली होती. माणूस धाकट्या जावयाच्या ओळखीतला. पाया खणून झाला, थोडी खडी येऊन पडली आणि माणूस दिसेनासा झाला. मजूर मिळत नाहीत म्हणून काम थांबलंय, असं अण्णांनी घरात सांगून टाकलं. पावती? "जावयाच्या माणसाकडे पावती कुठल्या तोंडाने मागायची?" आणि आता तोच माणूस निरोप पाठवत होता : वरचा मजला मलाच द्या, जुने दीड लाख त्यात वळते करून घेतो.

अण्णांना वाटत होतं की काम त्यालाच दिलं की पैसे वसूल होतील, जावई दुखावणार नाही आणि मुलाला काही कळणारही नाही. निवृत्तीच्या पैशातले दीड लाख वाचवायला ते त्याच माणसाच्या हातात आणखी दहा-बारा लाख ठेवायला निघाले होते. अण्णा हिशेबात कच्चे नाहीत. पण गेलेला पैसा डोळ्यांसमोरून हलत नाही, तोवर माणूस पुढचा हिशेब त्याच पैशाभोवती मांडत राहतो. मी हे वेगवेगळ्या घरांत पाहिलं आहे, आणि त्या माणसाला मूर्ख म्हटलेलं मला खपत नाही.

मी त्यांना इतकंच विचारलं, "हा माणूस तुम्हाला आज पहिल्यांदा भेटला असता, आणि कुणा शेजाऱ्याने त्याचा हाच अनुभव तुम्हाला सांगितला असता, तर काम दिलं असतं का?"

"गेटच्या आत घेतला नसता," अण्णा ताडकन म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

मुलाला सांगणं अवघड गेलं. रवींद्र चिडला, पैशापेक्षा लपवल्याबद्दल जास्त. ते व्हायलाच हवं होतं. त्यानंतर मात्र तिघं एका बाजूला बसून बोलू लागले, आणि मगच ठेकेदार निवडण्याच्या गोष्टीला अर्थ आला.

आपल्याकडे लोक बहुतेक वेळा ठेकेदार शोधत नाहीत, ओळख शोधतात. नाव कळण्यापुरती ओळख चांगलीच. पण ओळखीच्या माणसाला दर खोलात विचारता येत नाही, लेखी मागता येत नाही, काम वाईट झालं तर तोंड उघडता येत नाही. भीड भिकेची बहीण, हे अण्णांनीच मला ऐकवलं. म्हणून आमच्या बैठकांमध्ये मी माणूस ओळखायच्या खुणा शिकवल्या नाहीत, विचारण्याचा सराव करून घेतला. रवींद्र ठेकेदार झाला आणि अण्णा घरमालक. अण्णांचं पहिलं वाक्य मी तसंच टिपून ठेवलं : "तुम्ही बांधलेल्या घरांचे पत्ते मिळतील का... म्हणजे अडचण असेल तर राहू द्या." समोरच्याने नाही म्हणायच्या आधी त्यांनी स्वतःच प्रश्न मागे घेतला होता. असं वाक्य अर्ध्यावर न सोडता पूर्ण करून गप्प बसायचं आणि उत्तराची वाट बघायची, एवढंच पुन्हा पुन्हा केलं. सुजाताला ते सगळ्यात आधी जमलं. बोलणी तिनेच करायची, असं घरात ठरलं.

ठेकेदाराच्या आधी त्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठला, आणि हा क्रम मी सगळ्यांनाच सांगते. घर वरचा भार पेलेल की नाही हे ठेकेदाराने सांगायचं नसतं, कारण काम मिळण्यात त्याचा फायदा असतो. इंजिनिअरने एका कॉलमच्या बाजूला खणून फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया पाहिला, काँक्रीटची ताकद अजमावणारी हॅमर टेस्ट केली आणि उन्हापावसात गंजलेले ते गज तसेच वापरू नका, असं स्पष्ट सांगितलं. नकाशा आर्किटेक्टमार्फत महापालिकेत मंजुरीला गेला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे अशा वाढीव बांधकामाला परवानगी लागते. "परवानगीचं नंतर बघू, आधी स्लॅब टाकून घेऊ" म्हणणारे दोघं त्यांना भेटले. दोघांनाही नमस्कार करून वाटेला लावलं. कारण नोटीस येते ती घरमालकाच्या नावाने.

कोटेशनं आली आणि घरात पुन्हा वाद पेटला. एकाचा दर चौरस फुटाला १,५५० रुपये, दुसऱ्याचा १,९००. रवींद्रला स्वस्त हवा होता. सुजाताने दोघांनाही एकच प्रश्न केला, "हा दर कशाकशावर लावणार?" पहिला छज्जा, बाल्कनी आणि जिन्यावरची टोपी, म्हणजे जिन्यावरचं छप्परसुद्धा मोजणार होता, म्हणजे ६०० नव्हे तर ७४० चौरस फूट. हिशेब ११ लाख ४७ हजारांवर गेला. दुसऱ्याचा ६०० फुटांचाच, ११ लाख ४० हजार, आणि त्यात वॉटरप्रूफिंग आणि जिन्याची रेलिंगही होती. पहिल्याच्या कोटेशनमध्ये त्यांचा उल्लेखच नव्हता. दर विचारणारे पुष्कळ असतात. मोजणार काय आणि त्यात धरलंय काय, हे विचारताना आपण बुजतो आणि तिथेच फसतो.

दुसऱ्याने पत्तेही दिले. एक घर दोन पावसाळे काढलेलं, एक काम चालू असलेलं. जुन्या घराच्या मालकिणीला सुजाताने फिनिशिंगबद्दल फारसं विचारलं नाही. "शेवटचा हप्ता दिल्यावर फोन उचलतो का?" हे विचारलं. चालू कामावर तिघं न सांगता गेले. सिमेंटच्या गोण्या जमिनीवर न टेकवता फळ्यांवर रचलेल्या होत्या, नव्या स्लॅबवर वाफे करून पाणी साठवलं होतं. पीपीसी (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटच्या स्लॅबला किमान १० दिवस पाणी लागतं, हे इंजिनिअरने त्यांना सांगून ठेवलं होतं.

आणखी एका गोष्टीने मला स्वतःला हा माणूस बरा वाटला. काम कधी संपेल विचारल्यावर तो म्हणाला, "माझी माणसं पेठ-सुरगाण्याची. होळीला गावी जातात, ती मी धरून ठेवणार नाही. तेवढे दिवस हिशेबात धरा." सगळे 'दोन महिन्यांत चावी देतो' सांगत असताना हा अडचण आधी सांगत होता. पावसाळ्यात हीच माणसं भात-नागलीच्या लावणीला जातात, नाशिकमध्ये घर बांधणाऱ्याने हे गृहीतच धरावं.

करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झाला. कुठलं सिमेंट, कुठल्या ग्रेडचं स्टील, कुठल्या टप्प्याला किती पैसे, सगळं त्यात लिहिलं. सुरुवातीला १० टक्के, मग कॉलम उभे राहिल्यावर, स्लॅब पडल्यावर, वीटकाम, प्लॅस्टर असे हप्ते, आणि शेवटचे ५ टक्के पहिला पाऊस पडून गेल्यावर. स्लॅब भरण्याआधी गज इंजिनिअरने तपासायचे, हेही लिहून घेतलं. अण्णांना हे अविश्वासाचं वाटत होतं. ठेकेदाराला तसं वाटलं नाही. टप्पा पुरा झाला त्या दिवशी पैसे मिळतील एवढंच त्यानेही लिहून मागितलं, कारण मालकांनी त्याचेही पैसे बुडवले होते. ही बाजू घरमालक क्वचितच लक्षात घेतात, आणि हप्ता लांबवला की मजूर दुसऱ्या साईटवर जातो याचं त्यांना नवल वाटतं.

काम होळीनंतर थोडं रेंगाळलं. जुलैत जिन्याच्या टोपीच्या कोपऱ्यात ओल आली. ठेकेदार आला, कोपरा फोडून पुन्हा वॉटरप्रूफिंग केलं, मग त्याचे राहिलेले ५ टक्के दिले. अण्णा आता रात्री झोपतात. जावयाशी बोलणं अजून मोकळं झालेलं नाही, आणि त्याची घाई करू नका असं मी सांगितलं आहे.

ज्यांचे पैसे असेच आधी अडकले आहेत, त्यांना अण्णांनी केलं तेच सांगते. नवं काम जुन्या बुडीत पैशाशी जोडू नका, त्याची वसुली वेगळी चालवा. अशी तक्रार महारेराकडे, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे, जात नाही. आपल्याच घरावर काम करणारा ठेकेदार रेरा कायद्यातला प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, नसतो. पण ठेकेदाराचं काम ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवा ठरते, आणि वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पावती नसली तरी बँकेतून गेलेले पैसे, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, अर्धवट कामाचे तारखेसह फोटो जपून ठेवा. अण्णांनी पैसे चेकने दिले होते. वकिलाची नोटीस गेल्यावर त्या माणसाने ४० हजार परत केले, आणि उरलेल्या पैशांची तक्रार रवींद्र आणि अण्णा मिळून तयार करत आहेत.