‘बोट लागली, असे सांगेन’

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. ती करणारी माणसे वयाने, शिक्षणाने आणि सांपत्तिक स्थितीने एकमेकांपासून कितीही वेगळी असली, तरी त्यांचे शब्द जवळपास तेच असतात : “मित्रमंडळींबरोबर जायचे आहे, पण त्यांच्यात मी शोभणार नाही.” कधी निमित्त एखाद्या स्वागतसमारंभाचे असते, कधी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचे. अलीकडे क्रूझवरच्या ‘फॉर्मल नाइट’चा, म्हणजे औपचारिक पोशाखात जेवायला जायच्या संध्याकाळीचा, उल्लेख वारंवार होऊ लागला आहे, म्हणून त्याच प्रसंगाची एक हकिगत इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींमधले बोलणे मोजक्या संवादांत आणले आहे.

पन्नाशीला आलेल्या, एका संस्थेच्या हिशेब विभागात जबाबदारीच्या पदावर असलेल्या या बाई महाविद्यालयातल्या जुन्या मैत्रिणींबरोबर सात रात्रींच्या सफरीला निघाल्या होत्या. त्यांपैकी दोन संध्याकाळी औपचारिक पोशाखाच्या होत्या. गडद निळा लांब पोशाख शिवून तयार होता, काट्या-चमच्यांचे व्हिडिओ पाहून झाले होते आणि दोन्ही संध्याकाळी खोलीतच बसून राहण्याचा बेतही पक्का झाला होता.

“मी सरळ बोट लागली असे सांगेन,” त्या म्हणाल्या. “जहाजावर ते कुणालाही पटते.”

निमित्त इतके चपखल होते की मला हसू आले, आणि त्याही हसल्या. मात्र निघायच्या कितीतरी आधी आजारपणाची वेळ ठरवून ठेवणाऱ्या माणसाला किती थकवा येत असेल, हे त्या हसण्यामागे दिसत होते.

माहितीने भीती जाते असे मी मानत नाही, पण ऐकीव गोष्टींवर पोसलेली भीती तिने थोडी उतरते. म्हणून आधी तो भाग आटोपला. ही संध्याकाळ बहुधा जहाज कोणत्याही बंदराला न लागता दिवसभर समुद्रात असते त्या दिवशी ठेवतात. कधी कप्तान प्रवाशांचे स्वागत करतो, छायाचित्रकार जागोजागी पडदे लावून उभे असतात, पण फोटो काढून घेण्याची किंवा तो विकत घेण्याची सक्ती नसते. टेबलावरची काटे-चमच्यांची रांग बाहेरून आत वापरत यायची असते आणि चुकीचा काटा उचललाच, तर वाढपी न बोलता दुसरा आणून ठेवतो. पुरुषांना सूट आणि स्त्रियांना लांब पोशाख अपेक्षित असला, तरी बऱ्याच जहाजांवर हा नियम पूर्वीपेक्षा सैल झाला आहे. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने तर 2000 साली जेवणाची ठरावीक वेळ आणि सक्तीचा औपचारिक पोशाख हे दोन्ही बाजूला ठेवणारी पद्धत सुरू केली. जिथे नियम पाळला जातो, तिथेही तो मुख्यतः मोठ्या भोजनगृहापुरता असतो आणि साध्या कपड्यांत जेवायचे असेल, तर बुफे बहुधा उघडा असतो.

शेवटचे वाक्य ऐकताच त्या थबकल्या.

“म्हणजे मी नाही गेले तरी चालेल?”

“चालेल.”

“बोट लागली असे न सांगतासुद्धा?”

“न सांगतासुद्धा. आज मी बुफेत जेवते आहे, एवढे म्हणा.”

त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव उमटेल अशी माझी अपेक्षा होती, आणि क्षणभर तो उमटलाही. मग त्या हातातल्या पर्सची चेन उघडत-मिटत बराच वेळ गप्प बसल्या. अशा वेळी बोलायचे नाही, हे या व्यवसायात फार उशिरा अंगवळणी पडते. मी गप्प राहिले याचे मला आजही समाधान आहे, कारण पुढचे वाक्य त्यांचे स्वतःचे होते.

“पण मला जायचे आहे हो,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. “तो पोशाख मी हौसेने शिवला आहे.”

सक्ती दूर झाल्यावर इच्छा दिसते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे, पण इतक्या लख्खपणे क्वचितच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीकडे माझा ओढा आहे आणि तो मी लपवत नाही. आपल्याला छळते ती इच्छा नव्हे, तर त्या इच्छेचा झालेला हट्ट, असे ही विचारसरणी सांगते. चारचौघींत आपण छान दिसावे ही निरोगी इच्छा आहे. आपण छान दिसलोच पाहिजे, नाहीतर ते आपल्याला सोसणार नाही, हा हट्ट आहे. हट्ट पुरा होण्याची खात्री नसते, म्हणून माणूस घर सोडण्यापूर्वीच खोलीत बसून राहण्याची तयारी करतो आणि हट्टाबरोबर हौसही मारून टाकतो.

इच्छा बाहेर आल्यावर खरी धास्तीही बाहेर आली. ती अनोळखी प्रवाशांची नव्हती. गटातल्या एका मैत्रिणीने विशीत असताना सर्वांदेखत “तुझ्याकडे हा एकच ड्रेस आहे का?” असे विचारले होते, आणि त्या वेळी तो खरोखरच एकच होता. अनोळखी माणसे आपल्याला आज पाहतात, जुन्या मैत्रिणी मात्र आपली जुनी पायरीसुद्धा लक्षात ठेवून असतात, असे मनात घट्ट बसलेले असते. अशा भीतीवर अधिक भारी पोशाख हा उपाय नव्हे.

“ती पुन्हा तसे बोलली तर?” मी विचारले.

“मला मेल्याहून मेल्यासारखे होईल.”

“आणि त्यानंतरच्या पाच मिनिटांत काय होईल?”

त्यांनी विचार केला. “सूप येईल,” त्या म्हणाल्या. मग स्वतःच्याच उत्तराचे त्यांना नवल वाटले.

तो धागा पकडून मी त्यांना एक काम दिले. लाज वाटेल असे एखादे निरुपद्रवी कृत्य मुद्दाम करून पाहायचे, हा एलिस यांचाच आवडता उपाय आहे. बाईंनी एका चांगल्या हॉटेलात जाऊन, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात, कोणता काटा कशासाठी आहे ते विचारायचे होते. पहिल्यांदा त्या दारापासून परतल्या, नंतर मात्र त्यांनी विचारले. वाढप्याने काटा दाखवला आणि तो निघून गेला. शेजारच्यांनी मान वर केली नाही, याचा त्यांना किंचित अपमानही वाटला! अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, अवघडल्यासारखे वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना खोलीत पाठवले होते. खोलीतल्या निम्म्या लोकांनी तरी ते चित्र टिपले असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते साधारण पाव लोकांच्याच लक्षात आले होते. हा प्रयोग मी आधी सांगितला असता, तर बाईंनी मान डोलावली असती आणि त्या खोलीतच बसल्या असत्या. हॉटेलच्या अनुभवानंतर मात्र तो त्यांना पटला.

पहिल्या औपचारिक संध्याकाळी त्या गेल्या. पहिला अर्धा तास तळहातांना घाम होता. ‘त्या’ मैत्रिणीने पोशाखाच्या रंगावरून एक शेरा मारलाच, त्यावर यांनी “मला आवडतो” एवढेच म्हटले, आणि बोलणे दुसरीकडे गेले. दुसऱ्या औपचारिक संध्याकाळी त्या बुफेत जेवल्या. ‘पाय दुखत होते’ हे त्यांनी दिलेले कारण खरे होते. माझ्या हिशेबी ही दुसरी संध्याकाळही पहिलीइतकीच जमेची होती, कारण टाळणे आणि निवडणे बाहेरून सारखे दिसले, तरी टाळणाऱ्याला निमित्त शोधावे लागते आणि निवडणाऱ्याला ते लागत नाही. तुमच्या मनात जर आतापासूनच एखादे निमित्त तयार असेल, तर आधी ते निमित्त रद्द करा. जाणे न जाणे त्यानंतर ठरवा.

आणि तुम्ही सफरीचा बेत आखणारे असाल, तर ‘सगळ्यांनी यायचेच’ असा आग्रह धरू नका. त्या संध्याकाळी कोण भोजनगृहात जेवणार आणि कोण बुफेत, हे निघण्यापूर्वीच सहज विचारून ठेवा, आणि स्वतः एखाद्या वेळी बुफेत जाणार असाल, तर तेही त्याच वेळी सांगा.