पार्सल आलं, पण भाग खरा आहे का? वाचकांची प्रश्नोत्तरे

परदेशी विक्रेत्यांकडून सेन्सर, मॉड्यूल (तयार छोटे बोर्ड), आयसी (चिप) मागवणाऱ्या वाचकांचे सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. खोटा भाग आणि चुकीचा निवडलेला भाग या दोन वेगळ्या अडचणी आहेत. दोन्हींवरचे उपायही वेगळे, म्हणून उत्तरांमध्ये त्यांची गल्लत होऊ दिलेली नाही.

द्राक्षबागेतल्या हवामान केंद्रासाठी बीएमई२८० म्हणून पाच सेन्सर मागवले. तापमान आणि हवेचा दाब बरोबर येतो, पण आर्द्रता कायम शून्य. पाचही सेन्सर खराब निघाले का? (निफाड)

सेन्सर खराब नाहीत, ते बीएमई२८० नाहीत. तुम्हाला बीएमपी२८० पाठवले आहेत. दोन्ही बॉश कंपनीचेच, दोन्ही तापमान आणि दाब मोजतात. पण आर्द्रता मोजणारा भाग फक्त ‘बीएमई’मध्ये असतो. द्राक्षावरच्या भुरी-डाऊनी रोगांचा अंदाज बांधायला आर्द्रताच हवी, त्यामुळे हे पाच सेन्सर तुमच्या कामाचे नाहीत.

ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली डोळ्यांनी पाहायची. भिंगाखाली सेन्सरची चकचकीत धातूची टोपी बघा. बीएमई२८० चौकोनी असतो, दोन्ही बाजू २.५ मिलिमीटर. बीएमपी२८० आयताकृती, २ बाय २.५ मिलिमीटर. टोपीवरचं बारीक भोक दोघांनाही असतं, त्यावरून काही ठरवू नका. सेन्सर ज्या छोट्या सर्किट पट्टीवर बसवलेला असतो, तिच्यावर काय छापलंय याकडेही पाहू नका. पुष्कळ पट्ट्यांवर दोन्ही नावं एकत्रच छापलेली असतात आणि विक्रेत्याची पळवाट तीच असते.

दुसरी खूण पक्की. सेन्सरच्या डी० या रजिस्टरमध्ये (आतल्या मेमरीच्या कप्प्यात) त्याचा ओळख क्रमांक असतो. तो वाचून सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचा मजकूर दाखवणारी संगणकावरची खिडकी) हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, छापा. ६० आला तर बीएमई२८०, ५८ आला तर बीएमपी२८०. त्याआधी आय-टू-सी स्कॅनर (त्या दोन तारांवर जोडलेल्या भागांचे पत्ते शोधणारा छोटा प्रोग्राम) चालवून सेन्सरचा पत्ता पाहा, तो ७६ किंवा ७७ असतो. काही लायब्रऱ्या (सेन्सर वाचायचे तयार कोड) ७७ धरून चालतात, मॉड्यूल ७६ वर बसलेलं असतं, आणि लोक चांगला सेन्सर फेकून देतात.

तक्रार करताना ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं तर विक्रेता जोडणीचं चित्र पाठवतो आणि त्यात मुदत निघून जाते. ‘बीएमई२८० मागवला, बीएमपी२८० आला’ असं लिहा. सोबत ५८ दिसणाऱ्या स्क्रीनचा फोटो आणि मोजपट्टीशेजारी ठेवलेल्या सेन्सरचा फोटो जोडा. पार्सल आल्यापासून तक्रारीची मुदत किती, हे मागवतानाच लिहून ठेवा आणि आल्या दिवशी पाचही तपासा. पुढच्या वेळी त्याच विक्रेत्याकडे दोन्ही सेन्सरचे भाव शेजारी ठेवून पाहा. दोघांचा भाव सारखा असेल तर पाकिटात बीएमपीच येणार असं समजा.

खरा सेन्सर हाती आल्यावर हेडर (जोडणीच्या पिनांची रांग) सोल्डर करा, पण नंतर पट्टी स्पिरिटने धुऊ नका. त्या बारीक भोकातून द्रावण आत गेलं की आर्द्रतेचे आकडे बिघडतात.

हजार रुपयांचे सुटे भाग मागवले. कुरिअरवाल्याने दारात आणखी पाचशेहून जास्त मागितले. हे कसलं गणित? विक्रेत्याला ‘गिफ्ट’ लिहायला सांगितलं तर वाचेल का? (कोल्हापूर)

गिफ्ट अजिबात लिहायला सांगू नका. डिसेंबर २०१९पासून टपालाने किंवा कुरिअरने पूर्ण शुल्क न भरता ‘भेट’ म्हणून माल आणायला भारतात बंदी आहे. सवलत आहे ती फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. गिफ्ट लिहिलेलं पाकीट अडकलं की ते सोडवणं भागांच्या किमतीपेक्षा महाग पडतं.

आता हिशेब. कर फक्त मालावर लागत नाही, माल अधिक वाहतूक अशा एकूण किमतीवर लागतो. माल १,००० आणि वाहतूक ४०० असेल तर पाया १,४०० झाला. उदाहरणापुरतं सीमाशुल्क १० टक्के आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के धरा. शुल्क १४०. आयजीएसटी शुल्क मिळवून झालेल्या १,५४० वर, म्हणजे २७७ रुपये २० पैसे. दोन्ही मिळून ४१७ रुपये २० पैसे. यावर कुरिअर कंपनी माल सोडवण्याची स्वतःची फी लावते, ती वेगळी. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून मागवण्याआधी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर चालू दर पाहून हाच हिशेब कागदावर करा.

यातून एक गोष्ट दिसते. वाहतूक आणि फी पाकिटागणिक लागते, नगागणिक नाही. चार महिन्यांत चार छोटी पाकिटं मागवण्यापेक्षा चार मित्रांनी मिळून एकच पाकीट मागवलेलं परवडतं. मात्र एकाच भागाचे दोनशे नग दिसले तर तो घरगुती वापर वाटत नाही आणि विचारणा होते. कागदपत्रांसाठी आधार किंवा पॅन तयार ठेवा. बिलावर नुसतं ‘इलेक्ट्रॉनिक्स’ न लिहिता ‘तापमान सेन्सर मॉड्यूल, १० नग’ असं स्पष्ट लिहायला विक्रेत्याला सांगा. मोघम वर्णनाची पाकिटंच जास्त अडतात.

मागवायचं कुठून, हा याच प्रश्नाचा दुसरा भाग. अलीएक्सप्रेस २४ नोव्हेंबर २०२०पासून भारतात बंद आहे. एलसीएससी, डिजिकी, माउझर हे वितरक भारतात माल पाठवतात. तिथे आयसी कंपनीकडून थेट आलेला असतो, भाव किंचित जास्त असतो. विक्रेता ‘डीडीपी’ लिहीत असेल तर शुल्क त्याने भरलेलं असतं. ‘डीएपी’ असेल तर ते दारात तुम्ही भरायचं. रोध, एलईडी, हेडर, तारा यांसाठी परदेशात जाऊच नका. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली वाहतूक धरून स्वस्त पडते, आणि शंभर रुपयांचा माल हातात घेऊन बघता येतो.

‘९९०० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) लिहिलेले १८६५० लिथियम सेल मागवावेत का? सोबत टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल घेतोय. (सोलापूर)

सेल मागवू नका. १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या डब्यात ९९०० मावतच नाही. नामवंत कंपन्यांचे चांगले सेल साधारण ३५०० एमएएचच्या घरात आहेत. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. सोनाराच्या काट्यावर किंवा घरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर सेल ३० ग्रॅम भरला तर आत भरताड आहे. तोललेला ठीक वाटला तरी ५०० मिलिअँपिअरचा भार लावून ३ व्होल्टपर्यंत उतरू द्या आणि वेळ मोजा. ९९०० खरे असते तर जवळजवळ वीस तास लागले असते. असले सेल दोन-तीन तासांत मान टाकतात.

दुसरं कारण सुरक्षेचं. सुटे लिथियम-आयन सेल १ एप्रिल २०१६पासून प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत, आणि मालवाहू विमानातही सर्वसाधारणपणे ३० टक्क्यांपर्यंतच चार्ज चालतो. स्वस्त विक्रेता ‘खेळणी’ लिहून सेल पाठवत असेल तर तो आगीची जोखीम लपवून पाठवतोय. सेल भारतातच, बिल देणाऱ्या दुकानातून घ्या.

टीपी४०५६ मात्र जरूर मागवा, पण बी-प्लस, बी-मायनस यांच्याबरोबर आउट-प्लस, आउट-मायनस असे सोल्डरचे चार ठिपके असलेलं. त्यावर डीडब्ल्यू०१ हा संरक्षक आयसी असतो. भार आउटवर जोडा. बी-प्लस, बी-मायनसवर जोडला तर संरक्षण मिळत नाही. आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. मॉड्यूल १ अँपिअरवर लावून येतं, कारण पट्टीवर ‘१२२’ लिहिलेला १.२ किलोओहमचा रोध असतो. ३०० एमएएचच्या छोट्या सेलला १ अँपिअर देणं धोक्याचं आहे. तो रोध काढून १० किलोओहमचा लावा, प्रवाह सुमारे १३० मिलिअँपिअरवर येतो. चार्ज होताना आयसीला बोट लावलं तर चटका बसतो; ५ व्होल्ट आणि सेलचा व्होल्टेज यांतला फरक तो उष्णतेतच घालवतो, त्यामुळे ते स्वाभाविक आहे.

आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाची नक्कल आली. संगणकाला पोर्ट दिसतो, पण प्रोग्राम चढवताना ‘नॉट इन सिंक’ येतं. (लातूर)

पोर्ट दिसतोय म्हणजे बोर्डावरचा यूएसबी जोडणारा सीएच३४० आयसी आणि त्याचा ड्रायव्हर ठीक आहे, केबलही फक्त चार्जिंगची नाही. टूल्स मेनूत प्रोसेसरमध्ये ‘ओल्ड बूटलोडर’ निवडा; बूटलोडर म्हणजे चिपमधला, नवा प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम. जुना बूटलोडर ५७६०० वेगाने बोलतो, नवा ११५२०० ने. बहुतेक नकलांवर जुनाच असतो. तरीही अडलं तर दुसऱ्या आर्डुइनोला प्रोग्रामर करून चिपची सही वाचा. १ई ९५ ०एफ म्हणजे एटीमेगा३२८पी. १ई ९४ ०६ आली तर १६८ आहे, मेमरी निम्मी, तक्रार करा.

शेतातल्या पंपासाठी लोरा मॉड्यूल (दूरवर बिनतारी संदेश पाठवणारं) घ्यायचंय. ९१५ मेगाहर्ट्झचं स्वस्त मिळतंय. चालेल का? (जळगाव)

भारतात परवान्याशिवाय वापरायचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे, ९१५ नाही. एसएक्स१२७६ चिपची ८६८ आणि ९१५ नावाने विकली जाणारी पुष्कळशी मॉड्यूलं आतून सारखीच असतात. प्रोग्राममध्ये ८६६ लिहिलं की ती या पट्ट्यात चालतात, पण ‘८६८’ लिहिलेलंच मागवा. ४३३चं मॉड्यूल मात्र ८६६ला वळवता येत नाही. अँटेना म्हणून ८.६ सेंटिमीटरची सरळ तार पुरते. अँटेना न लावता एकदाही प्रक्षेपण सुरू करू नका, आउटपुटचा भाग जळू शकतो. बिनतारी वस्तू आयात करताना ‘ईटीए’ या सरकारी मंजुरीचा प्रश्न येतो आणि पाकीट त्यावर अडू शकतं, म्हणून एक-दोन नगांसाठी भारतात आधीच आणून ठेवलेला माल घेणं शहाणपणाचं.

दहा आयआरएफझेड४४एन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) मागवले. ईएसपी३२ या कंट्रोलर बोर्डाने १२ व्होल्टची मोटर चालवली तर मॉसफेट भाजून निघतो. माल खोटा आहे ना? (चिपळूण)

असेलही, पण आधी निवड तपासा. आयआरएफझेड४४एन पूर्ण उघडायला त्याच्या गेटला, म्हणजे स्विच चालू करणाऱ्या पायाला, १० व्होल्ट लागतात. ईएसपी३२ देतो ३.३. मॉसफेट अर्धवट उघडतो आणि स्वतःच तापतो. खराखुरा असला तरी हेच होणार. ३.३ व्होल्टसाठी छोट्या भाराला एओ३४०० घ्या, तो २.५ व्होल्टवर उघडेल असा बनवलेला आहे. ‘एल’ अक्षराचा आयआरएलझेड४४एन ५ व्होल्टवर उत्तम चालतो, ३.३ वर काठावर असतो. मोटर मोठी असेल तर मध्ये गेट ड्रायव्हर (गेटला पुरेसा व्होल्टेज देणारा आयसी) घाला. मोटरच्या दोन टोकांना उलटा डायोड हवाच.

आता माल खरा की खोटा ते बघू. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा बॅटरीच्या धन टोकापासून ड्रेनला जोडा (मॉसफेटमधून प्रवाह ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमधून वाहतो). सोर्स ऋण टोकाला. गेटला थेट १२ व्होल्ट द्या. दिव्यातून साधारण पावणेदोन अँपिअर वाहतो. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून ड्रेन आणि सोर्सच्या पायांवर, अगदी पॅकेजला लागून, टोकं टेकवा. खऱ्या भागाचा रोध जास्तीत जास्त १७.५ मिलिओहम, म्हणजे मापन ३० मिलिव्होल्टच्या आसपास किंवा कमी यायला हवं. ८०-१०० मिलिव्होल्ट दिसले तर आत छोटी सिलिकॉन चकती बसवून वर मोठं नाव छापलेलं आहे. पाय लांबून धरले तर तारेचाच रोध मोजला जातो आणि चांगला भागही खोटा ठरतो. दहाही नग असे तपासा, आकडे मार्करने त्यांच्या पाठीवर लिहा; एकाच पाकिटात खरे आणि खोटे मिसळलेले असतात.