किलपेकला जाताय? आधी बाहेरून बघा

इंग्लंडमधली खेड्यांतली जुनी चर्चं बघायला सुरुवात करायची असेल, तर माझं ऐका, पहिलं हेरफर्डशायरमधलं किलपेक गाठा. साधारण ११४० सालचं, तांबड्या वालुकाश्माचं, अगदी आटोपशीर. पण लगेच आत शिरू नका, आधी सावकाश एक प्रदक्षिणा घाला. छपराच्या कडेखाली कोरीव दगडांची रांग आहे. त्यातल्या एकावर कुत्रा आणि ससा शेजारी-शेजारी बसलेत, इतके गोड की मान अवघडली तरी नजर हटत नाही. दुर्बीण असेल तर न्याच.

मग दक्षिणेचं दार. कमानीखालच्या अर्धगोल दगडावर वेल आहे आणि डावीकडच्या खांबावर वेलींत गुरफटलेले योद्धे. त्यांच्या कपड्यांच्या रेघासुद्धा अजून स्पष्ट आहेत! इथं घाई केलीत तर फेरी फुकट गेली म्हणा.

आत मुख्य दालन, वेदीकडचा भाग आणि शेवटी अर्धगोल टोक, असे तीनच टप्पे. मुख्य दालनाच्या ईशान्य कोपऱ्याची भिंत मात्र बाहेरून नीट तपासा. तिथलं बांधकाम नॉर्मनांच्याही, म्हणजे १०६६ साली उत्तर फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्यांच्याही, आधीचं मानतात. पश्चिमेला किल्ल्याची टेकडी आहे, तीही चढा. गढी आणि चर्च इतकं जवळ का, ते वरून लगेच कळतं.